दोन दोऱ्यांची रस्सीखेच

घरी शिवणयंत्र असेल तर मोठ्यांना विचारून एक गंमत करून पाहा. वर लाल दोरा ओवा, बॉबीनमध्ये पांढरा भरा आणि मांजरपाटाच्या तुकड्यावर शिवण घाला. सुलट बाजूला लाल दोरा दिसेल, उलट बाजूला पांढरा. मग दोघे भेटतात कोठे? कापडाच्या जाडीत, मधोमध! तेथे त्यांचा एकमेकांना वेढा बसतो. दोन्ही दोरे सारख्याच जोराने ओढत असतात, म्हणून तो मध्येच राहतो. रस्सीखेचीत तुल्यबळ संघांमधला रुमाल हलत नाही, तसेच हे. टोकाजवळ नेढे असलेली सुई आणि खालचे शटल यांची सांगड घालणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत एलियस हाउ याने १८४६ साली घेतले.

शिंपी हा तोल सांभाळतो. भरतकाम करणारा तो मुद्दाम बिघडवतो. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा वाढवा, बॉबीन केसचा स्क्रू किंचित सैल करा. (मूळ जागा आधी लिहून ठेवा, नाहीतर घरच्यांची बोलणी खावी लागतील.) आता लाल दोरा जिंकतो आणि शिवणीवर पांढरे ठिपके उमटतात. कापड अगदी सावकाश सरकवले तर पांढरा दोरा लालभोवती गुंडाळला जाऊन मण्यांच्या सरीसारखी रेघ तयार होते.

पण यंत्राचे दाते कापड ठरावीक मापानेच ढकलतात. म्हणून ते खाली करतात किंवा झाकतात, आणि कापड दाबणारा फूटही काढतात. खरी अडचण येथून पुढे! सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. सुई वर निघताना खाचेतला दोरा सहज सरकतो, दुसऱ्या अंगाचा मात्र कापडाला घासून अडतो आणि नेढ्याजवळ फुगतो. या फुगलेल्या फासातच शटलचे टोक शिरते. कापडच सुईबरोबर वर उचलले गेले, तर घर्षण नाही, फास नाही, टाकाही नाही. फूट नसताना कापड डफासारखे ताणून धरायला लाकडी रिंग लागते ती यासाठी. हाताच्या भरतकामाच्या उलट, येथे कापड रिंगेच्या तळाशी, यंत्राच्या पाट्याला टेकलेले हवे. बोटे रिंगेच्या कडेलाच ठेवा.

‘फूटच नाही, मग त्याची दांडी खाली कशाला?’ असे म्हणून पहिल्या खेपेस मी ती वरच ठेवली. कापडाखाली लाल दोऱ्याचा हा एवढा गुंता! दांडी वर असली की वरच्या दोऱ्याचा ताणच सुटतो.

हात बसला की नेढ्यातून न जाणारा जाड दोरा बॉबीनवर गुंडाळा, केसचा स्क्रू आणखी सैल करा आणि कापडाची उलट बाजू वर ठेवून शिवा. जाड दोऱ्याची नक्षी खाली, सुलट बाजूवर उमटत जाते. ती कशी साधली हे रिंग काढून उलटवल्यावरच कळते.