आवाजाची वाट – भाग ६ : आधी बेरीज, मग वजाबाकी

मागच्या भागात ओपस कोडेकने एका माणसाचा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधून सर्व्हरपर्यंत आणला. आता बैठकीत दहा माणसं आहेत, आणि प्रत्येकाचे सेकंदाला ५० तुकडे येताहेत. त्यांचं करायचं काय? साधन निवडण्याआधी या प्रश्नाचं उत्तर ठरवावं लागतं.

उत्तरं दोन आहेत. जित्सी व्हिडिओब्रिज किंवा मीडियासूप ही साधनं तुकडे न उघडता पुढे पाठवतात. प्रत्येकाकडे इतरांचे वेगवेगळे प्रवाह पोचतात. व्हिडिओसाठी हेच परवडतं. फ्रीस्विच, अ‍ॅस्टरिस्कमधलं कॉन्फब्रिज आणि जेनसचं ऑडिओब्रिज मात्र सर्व्हरवरच आवाज एकत्र करतात आणि प्रत्येकाला एकच प्रवाह देतात.

एकत्र करणं म्हणजे शब्दशः बेरीज. उलगडलेला आवाज ही आकड्यांची रांग असते. त्या-त्या क्षणाचे दहाही आकडे मिळवायचे. पण ही बेरीज जशीच्या तशी परत पाठवली, तर बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि तो अडखळतो. म्हणून एकूण बेरीज एकदाच करून प्रत्येकासाठी तिच्यातून त्याचा आवाज वजा करतात. जे गप्प आहेत, त्यांच्यासाठी उत्तर एकच असतं, त्यामुळे तेवढी मेहनत वाचवता येते. शिवाय १६ बिटांत ३२७६७ च्या वर आकडा मावत नाही. दोघे एकदम जोरात बोलले की बेरीज त्यापलीकडे जाते. ती वेळीच आवरली नाही, तर आवाज फाटतो.

पंख्याची घरघरही बेरजेत येते. त्यासाठी फ्रीस्विचमध्ये ‘एनर्जी लेव्हल’ची मर्यादा असते: तिच्याखालचा आवाज शांतता समजायचा. ही मर्यादा ठरवताना घाई करू नये, असं मला फार वाटतं. ती जरा वर गेली, की हळू बोलणाऱ्याच्या वाक्याचा पहिला शब्दच गिळला जातो, आणि बैठकीत आधीच मागे राहणारा माणूस आणखी मागे पडतो. चाचणी घ्यायची तर सगळ्यांत हळू बोलणाऱ्याला घेऊन घ्यावी.

अ‍ॅस्टरिस्कच्या जुन्या मीटमी या बैठकीच्या सोयीत ही बेरीज डॅडी या ड्रायव्हरमध्ये होई. टेलिफोन कार्ड नसलं तरी तो बसवावा लागे, आणि आवाज सेकंदाला ८००० आकड्यांवरच अडकून राही. २०११च्या अ‍ॅस्टरिस्क १० मध्ये नव्याने लिहिलेल्या कॉन्फब्रिजला ही दोन्ही बंधनं नव्हती.

फक्त आवाजाच्या बैठकीसाठी मी बेरजेच्याच बाजूने आहे. साध्या फोनवरून येणाऱ्याकडे एकच प्रवाह जाऊ शकतो. कमकुवत नेटवरही एकच झेपतो. उलगडणं, थांबणं, पुन्हा बांधणं यात वेळ जातो खरा; आयटीयू या दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीतली एका बाजूची १५० मिलिसेकंदांची मर्यादा त्यासाठी डोळ्यांसमोर ठेवावी. मोठी अडचण दुसरीच आहे: बेरीज करायची तर सर्व्हरला आवाज उघडून ऐकावा लागतो. सर्व्हर चालवणाऱ्यालाही काही कळू द्यायचं नसेल, तर तुकडे कुलूपबंदच पुढे पाठवावे लागतात. मग किल्ल्या कोणाकडे असतात, ते पुढच्या भागात.