तरवडाची साल आणि बर्न्सची कविता

फर्दापूरजवळच्या अजिंठा लेण्यांवर एकोणिसाव्या शतकात ज्या साहेबांनी लिहिले, त्यांच्यात स्कॉटिश माणसे फार. १८२४ मध्ये लेणी पाहून त्यांवर निबंध लिहिणारा जेम्स अलेक्झांडर स्कॉटिश. १८३९ मध्ये आलेला जेम्स फर्ग्युसन एअर गावचा. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचे जन्मगाव अ‍ॅलोवे तिथून हाकेच्या अंतरावर. फर्ग्युसनबरोबर १८८० मध्ये भारतातल्या लेण्यांवरचा मोठा ग्रंथ काढणारा जेम्स बर्जेस डम्फ्रीजच्या मुलखातला, आणि बर्न्सने १७९६ मध्ये देह ठेवला तो डम्फ्रीजमध्येच.

जमवण्याची, नोंदवण्याची ही ओढ त्यांच्या आधीच्या पिढीने मुंबईत आणली होती. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळला इन्व्हरनेसकडच्या सर जेम्स मॅकिंटॉश यांनी लिटररी सोसायटी स्थापन केली. आजची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई ती हीच. तिचा चिटणीस विल्यम अर्स्किन एडिंबराचा. भारतातल्या बौद्ध अवशेषांवरच्या त्याच्या निबंधात अजिंठ्याचा उल्लेख आहे आणि सोसायटीच्या १८२३ च्या खंडात तो छापलेला आहे.

या अर्स्किनचा मित्र जॉन लेडन. स्कॉटिश कवितेची जुनी पुस्तके जमवणाऱ्या कोणालाही मी आधी लेडनची ओळख करून घ्यायला सांगेन. गरीब घरातला हा मुलगा स्वतः कवी, वैद्यक शिकलेला आणि भाषांचा वेडा. वॉल्टर स्कॉटने स्कॉटलंडच्या सीमाभागातले पोवाड्यांसारखे लोकगीतांचे धन गोळा केले तेव्हा लेडन त्याचा उजवा हात होता. त्यातून ‘मिन्स्ट्रेल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर’चे पहिले दोन खंड १८०२ मध्ये केल्सो गावी छापून निघाले, तिसरा पुढच्या वर्षी. त्याच वर्षी लेडन मद्रासला आला. बाबराच्या आत्मचरित्राचे भाषांतर त्याने हाती घेतले, पण १८११ मध्ये जावा बेटावर तापाने तो गेला, जेमतेम पस्तिशीत. जुनी हस्तलिखिते असल्याचे कळल्यावर एका बंद, कोंदट कोठीत तो शिरला आणि तिथेच आजार जडला, असे सांगतात. भाषांतराचे काम अर्स्किनने पुरे केले आणि १८२६ मध्ये दोघांच्या नावांनी प्रसिद्ध केले. मित्राचे नाव त्याने आधी ठेवले, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता अशा जुन्या पुस्तकांच्या कातडी बांधणीकडे येऊ. बर्न्सचा पहिला संग्रह १७८६ मध्ये किल्मारनॉकला निघाला. प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग, आणि वेष्टन साध्या निळ्या कागदाचे. त्या काळी पुस्तक बहुधा कच्च्या बांधणीतच विकले जाई; वासराचे किंवा बकरीचे कातडे, पाठीवरच्या पट्ट्या, सोनेरी छापा हे सगळे घेणारा आपल्या बाइंडरकडून करवून घेई. म्हणजे चामडी बांधणी मालकाची ओळख सांगते, कवीची नाही. जाणता संग्राहक त्यामुळेच कोऱ्या पानावरची सही, कुटुंबाचे चिन्ह, बाइंडरची चिकटवलेली बारीक चिठ्ठी आधी शोधतो.

आणि या कातड्याचा संबंध पुन्हा आपल्या मातीशी येतो. मराठवाड्याच्या माळांवर पिवळ्या फुलांनी डवरणारा तरवड सगळ्यांच्या पाहण्यातला. त्याच्या सालीने कमावलेली बकऱ्या-मेंढ्यांची कातडी एकोणिसाव्या शतकात मद्रासकडून जहाजे भरभरून इंग्लंडात गेली आणि स्वस्त बांधणीला लागली. दिसायला मऊ, सुरेख. पण काही दशकांत त्या पुस्तकांच्या पाठी तांबूस भुकटी होऊन हाताला लागू लागल्या. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल १९०५ मध्ये निघाला. तरवड, काथ यांसारख्या द्रव्यांनी कमावलेले कातडे हवेतले आम्ल शोषून लवकर कुजते आणि सुमाकच्या पानांनी कमावलेले टिकते, असा तिचा निष्कर्ष होता. दोष एकट्या तरवडाचा नव्हता. गॅसच्या दिव्यांचा धूर आणि कोळशाने काळवंडलेली शहराची हवाही तितकीच कारणीभूत होती. चपला आणि मोटांना पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेली ही साल फडताळात शतकभर उभ्या राहणाऱ्या पुस्तकासाठी कोणी योजलीच नव्हती.

म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे, सोन्याने मढवलेले बर्न्सचे किंवा स्कॉटचे खंड पाहून भुलू नये. त्यांच्यापेक्षा शंभर वर्षे जुने, साध्या वासराच्या कातड्यातले पुस्तक अनेकदा अधिक धडधाकट निघते. विकत घेताना पाठीवरून पांढरे फडके अलगद फिरवावे. लाल डाग उठला तर कूज सुरू झाली आहे. पुस्तक मध्यावर उघडून शिलाईचा दोरा पाहावा, पुठ्ठ्याचा सांधा फाटला आहे का तपासावे.

आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात तडकणारे कातडे, बारा महिने कसर आणि वाळवी. जुन्या वकिलांच्या घरांत, कॉलेजांच्या ग्रंथालयांत स्कॉटचे चामडी खंड अजून सापडतात, आणि प्रेमापोटी लोक त्यांना खोबरेल किंवा बुटाचे पॉलिश चोळतात. त्याने कातडे काळे पडते, चिकट होते, बुरशीला खाद्य मिळते. कुजलेली पाठ वाचवायला संवर्धक सेल्युलोजपासून केलेले एक द्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळवून कुंचल्याने पातळ लावतात. भुकटी जागीच बसते. ती सोय नसेल तर आम्लमुक्त पुठ्ठ्याची मापात केलेली पेटी पुरते. भिंतीपासून चार बोटे दूर ठेवलेले कपाट, खेळती हवा, आणि पुस्तक काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट न अडकवता दोन्ही बाजूंनी धरणे, एवढे तर कोणीही करू शकतो.

मूळ बांधणी उतरवून नवे चकचकीत मोरक्को कातडे चढवायला मात्र माझा ठाम विरोध आहे. जुन्या पुठ्ठ्याबरोबर त्या आधीच्या मालकाची सही आणि बाइंडरची ती चिठ्ठीही जाते.