पायपिटीचा हिशेब

२,६९२ मैल, त्यांतले २,१०६ पायी. इंग्लंडच्या मध्यभागातली खेडी पालथी घालणाऱ्या एका तरुण धर्मप्रचारकाचा हा १८२९ सालचा हिशेब. एकही दिवस खाडा न धरता भागाकार केला, तरी रोजची नऊ किलोमीटर चाल पडते. वय जेमतेम वीस, नाव थॉमस कुक. होय, तोच! तिकीट, हॉटेल, नाश्ता, गाईड या सगळ्याचे पैसे एकदाच भरून निर्धास्त व्हायची सवय जगाला लावणाऱ्यांत हा अगदी पहिल्या फळीतला.

बाप लहानपणीच गेला. शाळा दहाव्या वर्षी सुटली. मग माळ्याच्या हाताखाली राबणं आणि पुढे सुतारकाम. चालण्याची हौस वगैरे काही नव्हती. पण पायी हिंडणाऱ्याला जे कळतं ते बग्गीत बसणाऱ्याला कळत नाही. रस्ता कुठे चुकतो, किती वेळाने घोटभर गरम काहीतरी लागतं, परक्या गावात कुणी आपली वाट बघत उभं असलं की जीव कसा भांड्यात पडतो. त्या काळी पायी चालणारे पैशाला पासरी होते. या पठ्ठ्याने मात्र पुढे या माहितीचाच धंदा केला.

सुरुवात झाली तीही चालतानाच. ९ जून १८४१ रोजी तो मार्केट हार्बरोहून लेस्टरला दारूबंदीच्या सभेला निघाला होता. अंतर सुमारे २४ किलोमीटर, अर्थातच पायी. वाटेत त्याच्या डोक्यात आलं की नवी रेल्वे आहे, तर सभेला जाणाऱ्या सगळ्यांसाठी मिळून एक गाडीच का ठरवू नये? महिनाही उलटला नव्हता तोच, ५ जुलैला, जवळपास ५०० माणसं लेस्टरहून लफबरोला निघाली. माणशी एक शिलिंग, तेवढ्यात जाणं-येणं सगळं. डब्यांना छप्पर नाही, सोबत बँडबाजा, आणि पोचल्यावर बागेत चहापाणी आणि खेळ. जेमतेम अठरा किलोमीटरचा पल्ला! पण त्यातल्या प्रत्येकाच्या वतीने रेल्वेशी बोलणारा, चहा सांगणारा, परतीची वेळ ठरवणारा माणूस एकच होता. आजच्या टूर मॅनेजरचं काम याहून फार वेगळं नाही. (आपल्याकडच्या कंपन्या परदेशात वरणभाताची सोय करतात, त्याला कुणी हसतं तेव्हा मला लफबरोचा चहा आठवतो. भूक ओळखणं हा या धंद्याचा पायाच आहे.)

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. १८४६ साली त्याने सुमारे ३५० लोकांना स्कॉटलंडला नेलं, तेव्हा पुरती फजिती झाली. गाडीत शौचालय नाही, वाटेत प्रेस्टनला कबूल केलेला चहा जागेवर नाही, आणि पुढे बोटीत सगळ्यांना पुरतील एवढ्या खोल्या नाहीत. ग्लासगोत मात्र वाजतगाजत स्वागत झालं. त्याच वर्षी त्याचं दिवाळंही निघालं. तरी गडी पुन्हा उभा राहिला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला त्याने दीड लाखाच्या आसपास माणसं नेली, त्यांत कामगार पुष्कळ. पुढे हॉटेलची कुपनं आली. आगाऊ पैसे भरून ती घ्यायची, परक्या गावात दाखवायची, की खोली आणि जेवण मिळायचं. भाषा येत नसली तरी अडायचं नाही. अनोळखी दारात उभं राहणाऱ्याची धाकधूक ज्याने स्वतः अनुभवली आहे, त्यालाच असा कागदाचा चिटोरा सुचावा.

मुलगा जॉन मेसन याच्या हाती कारभार आल्यावर कंपनी मुंबईतही आली. १८८० च्या दशकात हजला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या ने-आणीचं काम ब्रिटिश सरकारने तिच्याकडे सोपवलं. धर्मप्रचाराच्या वाटेवर सुरू झालेली गोष्ट अशी पुन्हा धर्मयात्रेपाशी आली. काही वर्षांनी ते काम सुटलं. २०१९ मध्ये इंग्लंडातली मूळ कंपनीही बुडाली. त्याच नावाची, पण वेगळ्या मालकीची भारतातली कंपनी मुंबईतून चालूच राहिली.

पण थॉमसचं शेवटचं चित्र मला १८७२ मधलं आवडतं. वय ६३. त्या वर्षी तो एक छोटी मंडळी घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला: अमेरिका, जपान, चीन, भारत, इजिप्त. तो असा वाटेत असतानाच पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात ज्यूल व्हर्नची एक कादंबरी क्रमशः छापून येत होती. तिच्या नायकाने ऐंशी दिवसांत जग घातलं पालथं. कुकला २२२ दिवस लागले. साहजिक आहे, त्याला प्रत्येक मुक्कामी मंडळींच्या चहाचं बघायचं होतं.