टेलच्या एपीला वीज पोचते का?

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचा एपी, म्हणजे वायफायचा छताला लावलेला डबा, रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद पडायचा. सकाळी ठणठणीत असायचा. पोरं अभ्यासिकेत जमली, मोबाइल जोडले गेले, की दिवा विझायचा. तीन-चार मिनिटांनी तो परत यायचा आणि थोड्या वेळात पुन्हा जायचा. शिरूरमधल्या आमच्या कॉलेजात नेटवर्कचं काम माझ्याकडे आहे. पंधरा दिवस मी नेटमध्ये दोष शोधत होतो. नेट जागेवरच होतं, वीज पोचत नव्हती.

या डब्याला वेगळा प्लग लागत नाही. डेटा ज्या केबलमधून येतो, तिच्याच तांब्याच्या तारांतून वीजही येते. याला पीओई म्हणतात. यात मला सर्वांत आवडतं ते स्विचचं, म्हणजे केबलमधून ही वीज पाठवणाऱ्या पेटीचं, आधी विचारून घेणं. दहा व्होल्टपर्यंतचा हलका दाब देऊन तो पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रोध आहे का ते पाहतो आणि सापडला तरच पन्नासेक व्होल्ट सोडतो. म्हणून त्याच पोर्टला कोणी लॅपटॉप जोडला तरी तो जळत नाही. २००३च्या मानकात एका पोर्टवर १५.४ वॅट मिळत, २००९ला ३० झाले, २०१८ला ९०पर्यंत गेले.

पण ३० वॅट निघाले म्हणून ३० पोचत नाहीत. शंभर मीटरच्या टोकाला हमी साडेपंचवीसची. उरलेले तारेतच उष्णता होऊन जातात. चासकमानच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना हे समजावावं लागत नाही. हेडला भरून वाहणारं पाणी टेलला किती येतं, ते त्यांना ठाऊक असतं.

आमचा एपी टेलचाच होता. केबल मोजली तर १२० मीटर भरली, मध्ये एक जोडही होता. तारेचं टोक ब्लेडनं खरवडलं, तर तांबूस मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. मोबाइल वाढले की एपी जास्त वीज ओढतो, प्रवाह वाढला की तारेतली घट वाढते, आणि दाब ठरावीक पातळीखाली गेला की डबा बंद. सरळ वाटेनं शुद्ध तांब्याची ८५ मीटर केबल टाकली, त्या दिवसापासून तक्रार नाही. खरेदीच्या वेळी स्वस्त केबल सुचवणाऱ्यांना मी आता तो खरवडलेला तुकडा दाखवतो.

स्विचचंही तसंच. २४ पोर्ट असले तरी आमच्या स्विचचं बजेट ३७० वॅटचं आहे. प्रत्येक पोर्टवर ३० राखून ठेवले, तर तेराव्या एपीला काही उरत नाही. पोर्ट मोजून एपी विकत घेऊ नयेत, वॅट मोजून घ्यावेत.

लाइट जाण्यावर मात्र पीओईइतका सोपा दुसरा उपाय नाही. पन्नास खोल्यांत बॅटऱ्या ठेवायची गरज नाही. स्विच ठेवलेल्या रॅकपाशी एक चांगला यूपीएस असला की सगळे एपी तगतात. आधी आम्ही घरगुती इन्व्हर्टर लावला होता. लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जो किंचित वेळ लागतो, तो पंखा सोसतो, स्विच सोसत नाही. मग स्विच उठणार, त्याच्यामागून एपी उठणार. परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्या मुलीची दहा मिनिटं गेली. आता ऑनलाइन यूपीएस आहे, म्हणजे भार कायम इन्व्हर्टरवरच चालतो, बदलाबदल नाही. १२ व्होल्ट १५० ॲम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या कागदावर ३६०० वॅट-तास देतात. निम्म्याखाली उतरू द्यायच्या नाहीत आणि वाटेतली घटही धरायची. म्हणून ३०० वॅटच्या भाराला मी पाच तासच मोजतो.

हे सगळं झाल्यावरही एका एप्रिलमध्ये पोर्ट उगाच बंद पडू लागले. आमचे जुने वायरमन मामा आले, रॅककडे बघितलंही नाही. "सर, आधी अर्थिंगचा खड्डा दाखवा." खड्डा भेगाळून कोरडा पडला होता. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर ९ व्होल्ट दाखवत होता. मामांनी मीठ टाकलं, चार बादल्या पाणी ओतलं, आणि आम्ही दोघं तिथेच सावलीला बसलो. तासाभरानं आकडा ३च्या खाली आला. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत ते काम झालं, याचं मला फार बरं वाटलं. आता रॅकच्या दारावर चिकटवलेल्या कागदात केबलच्या लांबीशेजारी आणखी एक रकाना आहे: खड्ड्यात पाणी कधी घातलं.