तोबरा आणि तंबोरा

मंडळी, हमरिया फ्री झोनमध्ये गाणे ऐकू येते असे कुणी सांगितले तर तुम्ही हसाल. अजमानच्या पुढे, समुद्राला लागून पसरलेला हा शारजाचा मुक्त व्यापार विभाग. १९९५ साली तो स्थापन झाला. आज इथे क्रेन, लोखंडी नळांच्या राशी, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ट्रेलरच्या रांगा, एवढेच डोळ्यांत भरते. पण आमच्यासारखे अनेक जण दिवसा यार्डात घाम गाळतात आणि शुक्रवारी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकून हार्मोनियम काढतात. तबला वाजवणारे गृहस्थ क्रेनच्या तपासणीचे काम करतात. नोकरी पोटाची, गाणे जिवाचे, अशी वाटणी आम्ही फार पूर्वीच करून टाकली होती आणि तिच्यावर खूशही होतो.

या वाटणीवर पहिला घाव घातला तो आमच्याच कन्येने. बारावीनंतर तिला गुरांची डॉक्टर व्हायचे आहे. लहानपणी बाल्कनीत पंख मोडून पडलेले कबूतर तिने तीन आठवडे सांभाळले, तेव्हाच आम्ही ओळखायला हवे होते! अडचण अशी, की सहाव्या वर्षापासून ती गाणेही शिकते आहे आणि गळा चांगला आहे. पशुवैद्यकाची पदवी म्हणजे आपल्याकडे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. गाण्याच्या बाई स्पष्टच म्हणाल्या, "दोन डगरींवर पाय ठेवून चालत नाही गं." त्या रात्री कन्येने तंबोऱ्याला गवसणी घातली आणि म्हणाली, "बाबा, हा आता कुणाला तरी देऊन टाकू या. नुसता कोपऱ्यात उभा राहिला तर मला बघवणार नाही."

काय उत्तर देणार? वसंतराव देशपांड्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कितीतरी वर्षे नोकरी केली, अश्विनी भिडे-देशपांडे यांनी विज्ञानात डॉक्टरेट मिळवली, ही नेहमीची उदाहरणे आम्ही दिली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, "फायलींना रात्री दोन वाजता पोटशूळ होत नाही, बाबा." खरेच होते. जनावर वेळ बघून आजारी पडत नाही. गाणे आणि जनावरे, दोन्ही सांभाळलेला माणूस आम्हांला शोधायचा होता. तो सापडला थेट कुरुंदवाडात.

विष्णुपंत छत्रे हे नाव आपल्या पिढीला ठाऊक असते ते सर्कशीमुळे. किआरिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली होती. हिंदुस्थानाला स्वतःची सर्कस उभारायला अजून बरीच वर्षे लागतील, असे तो म्हणाला आणि ते विष्णुपंतांना झोंबले, असे सांगतात. १८८० साली त्यांनी 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. आपल्या देशातली ही पहिली आधुनिक सर्कस. इथवरची गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते. तिच्या आधीची आणि नंतरची मात्र फारशी सांगितली जात नाही.

विष्णुपंत मूळचे घोड्यांचे माणूस. कुरुंदवाड संस्थानाच्या पागेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पागा सांभाळणे म्हणजे नुसती रपेट नव्हे, बरं का! खरारा, चंदी, तोबरा, नाल, खुरांची निगा, कोणता घोडा आज चारा टाकून उभा आहे आणि का, हे सारे त्यात आले. आणि हाच माणूस ग्वाल्हेरला जाऊन हद्दूखाँसाहेबांकडे ख्याल शिकलेला! ग्वाल्हेर गायकी ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या हद्दू-हस्सू खाँ बंधूंपैकी हे हद्दूखाँ.

आता या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदल्या असतील? आम्हांला वाटते, त्या दिसतात तितक्या परक्या नाहीत. घोडा संथ चालतो तेव्हा टापांचे चार ठोके सुटे ऐकू येतात, दुडक्या चालीत दोन होतात. एक ठोका मागेपुढे पडला की जाणता माणूस न बघता सांगतो, "घोडा लंगडतोय." तबल्याची मात्रा चुकली की आपली मान जशी थांबते, तसेच हे. कान एकच, काम दोन ठिकाणी.

यासाठी लांब जायलाही नको. आपण राहतो त्या मुलखात उंट राखणारे लोक पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आहेत. वाळवंटात विखुरलेल्या कळपाला ते लयबद्ध हाकांनी गोळा करतात, त्या हाकेला 'अल-हेदा' म्हणतात. उंट आपल्या राखणदाराचा आवाज ओळखतात. युनेस्कोने २०२२ साली ही परंपरा अमिराती, ओमान आणि सौदी अरेबियाच्या नावे मानवजातीच्या वारशात नोंदवली. उंटाच्या पाठीवरून गायच्या 'तघरूदा' गीतांची नोंद त्याआधी २०१२ सालीच झाली होती.

पुन्हा विष्णुपंतांकडे येऊ. सर्कस चालली, पैसा आला. इकडे हद्दूखाँसाहेबांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव रहिमतखाँ यांची फार वाताहत झाली होती. अफूचे व्यसन, मनाचा तोल गेलेला, बनारसच्या रस्त्यांत फकिरासारखे भटकणे. विष्णुपंतांना ते तिथे भेटले आणि त्यांनी गुरुपुत्राला आपल्याबरोबर आणले, असे जुनी मंडळी सांगत. नंतर सर्कशीच्या मुक्कामी रहिमतखाँच्या मैफली होऊ लागल्या. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनीही हा सांभाळ सोडला नाही. 'भूगंधर्व' म्हणून नावाजलेले रहिमतखाँ १९२२ साली वारले, तेही कुरुंदवाडातच.

याचे फळ काय मिळाले? रहिमतखाँच्या गाण्याचा मोठा ठसा अब्दुल करीमखाँसाहेबांवर पडला. अब्दुल करीमखाँचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. इथे शुक्रवारी आम्ही सीडी लावून डोळे मिटतो, त्या सुरांच्या मागे कुठेतरी सर्कशीच्या घोड्यांची कमाई आहे!

पण हिशेब पुरा मांडायला हवा. गवई म्हणून विष्णुपंतांचे नाव आज क्वचितच कोणी घेते. तंबू, जनावरे आणि माणसे घेऊन गावोगाव फिरणाऱ्याला रोज चार तास मेहनत कुठून जमणार? मोठा गवई होणे त्यांच्या हातून निसटले असेलही. गाणे मात्र निसटले नाही. आणि सर्कशीतल्या जनावरांचे सारेच काही भले होते असे म्हणायचेही धाडस आम्ही करणार नाही. १९९८ साली आपल्या सरकारने वाघ, सिंह, अस्वले, माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, ते योग्यच झाले.

हे सारे आम्ही कन्येला एका रात्री जेवणानंतर सांगितले. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे ते मोठे गायक झाले नाहीत?"

"नाही झाले."

"आणि तरी गाणं टिकलं."

"टिकलं. त्यांच्याच्यानं टिकलं."

ती काही बोलली नाही. आम्हीही वाढवले नाही. आपल्या मुलांनी दोन्हींत पहिले यावे ही आपली जुनी हौस आहे. परदेशात आल्यावर तर ती जास्तच वाढते, कारण इतके सोडून आलो ते कशासाठी, याचा हिशेब आपण मुलांच्या गुणपत्रिकेत शोधतो. गाण्यातही बक्षीस हवे, नाहीतर वेळ फुकट गेला. 'दोन डगरींवर पाय' हे बोल बाईंनी काढले खरे, पण ती भीती आमच्याच घरातली होती.

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. कन्येला तिथे प्रवेश मिळतो की आणखी कुठे, ते पुढच्या अंकापर्यंत कळेल. गेल्या आठवड्यात सामानाची यादी करताना तिने स्टेथोस्कोपच्या खाली एक ओळ लिहिलेली आम्ही पाहिली: 'तंबोरा, विमानात कसा न्यायचा ते विचारणे.'

कुणा वाचकाला हे ठाऊक असेल तर जरूर कळवा. आम्हीही विचारतो आहोत.