न जळणारे छप्पर

देऊळघाटला, पैनगंगेच्या काठच्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर, गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या नातवाने आपल्या लहानपणी बांधलेले एक लाकडी घर माझ्या डोळ्यांदेखत पेटवून दिले. आणि भिंती, जमीन, माळा हे सारे हां हां म्हणता भस्मसात झाल्यानंतरही त्या घराचे छप्पर, खाली एकाही खांबाचा आधार उरला नसताना, होते तेथेच अधांतरी राहिले. शेजारच्या काकू चहाचे कप न्यायला वर आल्या होत्या. संगणकाच्या पडद्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "घर जयलं अन् छप्पर राह्यलं, असं कुठी असते का?" नातू म्हणाला, "काकू, हे लाकूड आता कोणालाच मिळत नाही. म्हणून तर आबांना दाखवायला आणलं." त्या एका वाक्याने माझे कुतूहल जागे झाले, आणि सुटीचे उरलेले दिवस मी त्याच्याकडून या छपराचा इतिहास समजून घेण्यात घालविले.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. मार्कस पर्सन या स्वीडिश आज्ञावलीकाराने त्याचे पहिले रूप मे २००९ मध्ये लोकांपुढे ठेवले, स्टॉकहोमच्या मोजांग या संस्थेने ते वाढविले, १८ नोव्हेंबर २०११ रोजी ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला ती संस्थाच विकत घेतली. २०२३ पर्यंत खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. यात जिंकणे नाही, हरणे नाही. नदीच्या वाळूत मुले किल्ले करतात त्याप्रमाणे एका अफाट जगात खेळाडूला सोडून दिलेले असते, ते जग एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशा ठोकळ्यांचे बनलेले असते, आणि ठोकळा फोडावा, पिशवीत टाकावा, दुसरीकडे नेऊन रचावा एवढाच मूळ व्यवहार. त्यातून कोणी झोपडी बांधतो, कोणी दुर्ग बांधतो. माझ्या नातवाने २०११ च्या उन्हाळ्यात, वयाच्या अकराव्या वर्षी, एक घर बांधले.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तरी आपल्या कपाटातील जुनी प्रत जशीच्या तशी राहते. येथे मात्र लोक आत राहत असतानाच इमारत पायापासून बदलली जाते: नवे दगड येतात, जुने नियम रद्द होतात, डोंगरांचे आकारसुद्धा निराळे होतात, आणि खेळाडू आपले जुने जग नव्या आवृत्तीत उघडतो तेव्हा त्या जगातील प्रत्येक ठोकळ्याला नव्या अमलापुढे रुजू व्हावे लागते. बहुतेक रुजू होतात. थोडे असे असतात की त्यांची नोंद नव्या दप्तरात कोठे करावी हेच कळत नाही, आणि या थोड्यांपैकी आमचे छप्पर आहे.

हे कसे घडले ते सांगण्यासारखे आहे. सुरुवातीच्या काळी या खेळात प्रत्येक ठोकळ्याची नोंद दोन आकड्यांत होत असे. पहिला आकडा ० ते २५५ पैकी एक, तो ठोकळ्याची जात सांगे. दुसरा ० ते १५ पैकी एक, तो पोटजात सांगे. अर्ध्या उंचीच्या ठोकळ्याला खेळात स्लॅब म्हणतात (आपल्याकडे घरावर स्लॅब टाकतात म्हणून हा शब्द मला परका वाटला नाही), आणि त्याला जातीचा आकडा मिळाला होता ४४. फेब्रुवारी २०११ मध्ये स्लॅबला पोटजाती दिल्या गेल्या: ० म्हणजे गुळगुळीत दगड, १ म्हणजे वालुकाश्म, २ म्हणजे लाकूड, ३ म्हणजे ओबडधोबड धोंडा. येथपर्यंत सर्व ठीक होते. पण ठोकळा कोणत्या हत्याराने निघावा आणि आगीत जळावा की न जळावा, हे गुण पोटजातीला नव्हे तर जातीला चिकटविलेले होते, आणि ४४ ही जात दगडाची होती. एखाद्या गटाच्या सातबाऱ्यावर सरसकट जिरायत अशी नोंद व्हावी आणि त्यातल्या एका हिश्श्यात बारमाही विहीर असूनही तो हिस्सा कागदावर कोरडाच राहावा, तसा हा प्रकार झाला. ओकच्या तीन फळ्या ओळीने मांडल्या की लाकडी स्लॅब तयार होई. डोळ्यांना तो लाकूड दिसे, रंग तोच, रेषा त्याच. परंतु कुऱ्हाडीला तो दाद देत नसे, टिकावाने निघे, आणि वणव्यातही त्याला आच लागत नसे. माझ्या नातवाने छपरासाठी तोच वापरला. लाकडी घराला लाकडी छप्पर हवे, एवढाच त्याचा विचार होता.

१ ऑगस्ट २०१२ रोजी आलेल्या १.३.१ या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. लाकडी स्लॅबला १२६ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला, एकावर एक असे दोन ठेवून होणाऱ्या जोडस्लॅबला १२५ मिळाला, आणि हे नवे स्लॅब लाकडासारखेच कुऱ्हाडीने निघू लागले आणि आगीत जळू लागले. त्या दिवसापासून तीन फळ्यांतून नवा स्लॅब निघतो. जुना निघेल अशी कृती खेळात उरली नाही. राहिला प्रश्न जगभरच्या खेळाडूंनी आधीच बांधून ठेवलेल्या, ४४ च्या खात्यावर २ या पोटक्रमांकाने पडून असलेल्या जुन्या स्लॅबांचा. ते पुसून टाकता आले असते. मग असंख्य घरे एका रात्रीत उघडी पडली असती. ते मुकाट्याने नव्या लाकडात बदलता आले असते. मग ज्याने शेकोटीशेजारी निर्धास्तपणे माळा घातला होता त्याचा माळा पेटला असता. यांपैकी काहीच केले गेले नाही. जुना स्लॅब जुन्याच गुणांनिशी राहू दिला गेला.

या निर्णयाचे मोल आम्हा वऱ्हाडकरांना चटकन कळावे, कारण आमच्या प्रांताने अंमल बदलताना पुष्कळदा पाहिला आहे. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली आले, १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. दरबार बदलला तरी शेत तेथेच राहते आणि ते कसणारा तेथेच राहतो. जुन्या सनदांची तपासणी व्हावी, शाबीत ठरलेली वहिवाट चालू ठेवावी, नवी सनद मात्र देऊ नये, हा अशा वेळी शहाण्या कारभाराचा शिरस्ता असतो. स्टॉकहोमच्या कारागिरांनी त्या दोन आकड्यांच्या नोंदीला नेमका हाच न्याय लावला असे मला वाटते, आणि त्यामुळेच अकरा वर्षांच्या मुलाने देऊळघाटच्या माडीवर रचलेले छप्पर आज टिकून आहे.

पुढे १८ जुलै २०१८ रोजी १.१३ ही आवृत्ती आली आणि तिने क्रमांकांची ही पद्धतच मोडीत काढली. ठोकळ्यांना आकड्यांऐवजी नावे मिळाली. असे रूपांतर बोलायला सोपे असते. १ एप्रिल १९५७ रोजी आपला सोळा आण्यांचा रुपया शंभर नया पैशांचा झाला तेव्हा आठ आण्यांचे पन्नास आणि चार आण्यांचे पंचवीस बिनतक्रार झाले. पण एका आण्याचे सव्वासहा येतात, आणि सव्वासहाचे नाणे कोठून आणायचे? आमच्या घरच्या पितळी डब्यात नागमोडी कडांचा एक आणा अजून आहे, त्याच्याशेजारी मध्ये भोक असलेला, युद्धकाळातला एक पैसा आहे. दोन्ही नाणी खरी, टाकसाळीतून आलेली, आणि दोन्ही आज कोणत्याही दुकानात चालत नाहीत. खेळातील जुन्या स्लॅबचे नशीब त्यांच्याहून बरे निघाले. २०१८ च्या फेरफारात त्याला स्वतःचे नाव देणे भाग पडले, कारण 'ओकचा स्लॅब' हे नाव नव्या, जळणाऱ्या लाकडाने आधीच घेतले होते. आणि त्याचे नाव ठेवण्यात आले 'पेट्रिफाइड ओक स्लॅब', म्हणजे अश्मीभूत ओक. लक्षावधी वर्षे जमिनीत राहून लाकडाचा दगड होतो, कण्यापासून सालीपर्यंत आकार तसाच राहतो आणि द्रव्य पालटते, त्या निसर्गव्यापाराचे नाव एका हिशेबाच्या चुकीला मिळाले. ज्याने कोणी ते सुचविले त्याला भाषेची जाण होती.

अशी इतरही अवशिष्टे आहेत. १ एप्रिल २०११ रोजी गंमत म्हणून खेळाडूंच्या जगांत कुलूपबंद पेट्या ठेवल्या गेल्या होत्या. त्यांचा ९५ हा क्रमांक पुढे २०१३ मध्ये रंगीत काचेला देण्यात आला, आणि पेटीचे नावनिशाण गेले. जगाच्या मध्यापासून १,२५,५०,८२१ ठोकळ्यांच्या पलीकडे गेले की भूमी बनविणारे गणितच बिघडे आणि आकाशाला भिडणाऱ्या, आरपार पोखरलेल्या भिंती उभ्या राहत. खेळाडूंनी त्यांना 'फार लँड्स' हे नाव दिले. सप्टेंबर २०११ च्या आवृत्तीत ते गणित दुरुस्त झाले. तरीही कर्ट जे. मॅक नावाचा एक अमेरिकन खेळाडू मार्च २०११ पासून जुन्याच आवृत्तीत पायी त्या भिंतींकडे चालत राहिला, आणि त्या पदयात्रेच्या निमित्ताने धर्मादाय निधी गोळा करीत राहिला.

भ्रमणध्वनीवर हा खेळ खेळणाऱ्यांना आणखी एक अवशेष ठाऊक असेल. लोखंडाच्या सहा लगडी आणि तीन हिरे यांपासून होणारा 'नेदर रिॲक्टर कोअर' हा ठोकळा २०१२ मध्ये आला. चार सोन्याचे आणि चौदा धोंड्याचे ठोकळे ठरलेल्या रीतीने त्याच्याभोवती रचून त्याला स्पर्श केला की भोवती पाताळातल्या लाल दगडाचा मनोरा उसळून वर येई आणि आत दुर्मीळ चिजा पडत. लहान यंत्रांत संपूर्ण पाताळलोक मावत नव्हता, म्हणून ही तात्पुरती सोय होती. २०१५ मध्ये खरा पाताळलोक त्या आवृत्तीतही आला आणि या ठोकळ्याची शक्ती काढून घेण्यात आली. जुन्या जगांत ज्यांनी तो मांडला होता त्यांच्याकडे तो राहिला, पण कितीही वेळा हात लावला तरी आता काही घडत नाही. बंद पडलेल्या सूतगिरणीचा भोंगा पाहून जे वाटते तेच मला तो पाहताना वाटले.

या वस्तूंचा संग्रह करणारे लोक आहेत, आणि त्यांच्यात एक वाद आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. खेळात आज्ञा टंकून अश्मीभूत स्लॅब क्षणात निर्माण करता येतो. तो आणि २०११ मध्ये तीन फळ्यांतून घडविलेला, यांच्या नोंदीत एका अक्षराचाही फरक नसतो. कोणत्याही परीक्षेने खरा कोणता ते सांगता येणार नाही. मग जुन्याला निराळे मोल का द्यावे? नातवाचे मत असे की देण्याचे कारण नाही. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. सनदेची नक्कल अक्षरशः बरोबर असली तरी जमीन नकलेने मिळत नाही. मूळ कागद कोणाच्या पेटीतून कोणाच्या पेटीत गेला ती परंपरा हाच त्याचा पुरावा असतो. या छपराला आम्ही ओळखतो ते त्याच्या नोंदीवरून नव्हे. एका मे महिन्यात, वीज गेली की हातपंख्याने वारा घेत आणि आली की धावत माडीवर जाऊन, एका मुलाने ते रचले हे आम्ही पाहिले आहे, आणि नंतर ते जग एका यंत्रातून दुसऱ्यात, एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत टप्प्याटप्प्याने त्यानेच जपून आणले आहे.

छप्पर नऊ बाय सात, म्हणजे त्रेसष्ट स्लॅबांचे होते. घर जाळण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यातला एक काढून पेटीत ठेवावा आणि बाकीचे तसेच राहू द्यावेत असे त्याने ठरविले, आणि सवयीने, समोर लाकूड दिसत असल्यामुळे, हातात कुऱ्हाड घेतली. कुऱ्हाडीचे घाव बसत राहिले, तडा वाढत गेला, स्लॅब फुटला आणि खाली काहीच पडले नाही. कारण दगड टिकावाखेरीज कशानेही काढला तर या खेळात तो हाती लागत नाही, नाहीसा होतो. तो बराच वेळ खुर्चीत मागे टेकून बसून राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नवा ओकचा स्लॅब त्या जागी बसविला असता तर दिसण्यात तिळमात्र फरक पडला नसता, आज्ञा टंकली असती तर गुणांतही पडला नसता. त्याने दोन्ही केले नाही. दुसऱ्या दिवशी घर जळले, बासष्ट स्लॅब वर राहिले, आणि थोड्या वेळाने त्या जगात पाऊस आला तेव्हा छपराच्या मधोमध असलेल्या त्या चौकोनातून एकच धार खाली, जेथे जमीन होती तेथे, पडत राहिलेली आम्ही दोघे पाहत होतो.