दार उघडतं कोण?

संगणक बिघडला की ‘व्हायरस शिरला’ असं आपण सरसकट म्हणतो. पण तापाचे जसे प्रकार, तसेच या उपद्रवी प्रोग्रॅमचेही. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. वर्म नेटवर्कवरून आपला आपणच फिरतो. ट्रोजन उपयोगी वस्तूचं सोंग घेऊन येतो. रॅन्समवेअर तर खंडणीखोरच. आपल्या फाइलींना कुलूप लावून किल्लीचे पैसे मागतो.

माझ्याकडे दुरुस्तीला संगणक आणणारे लोक विचारतात, “हे आत आलं कसं?” त्याचं उत्तर दोन घटनांत सापडतं.

४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ नावाची ई-मेल जगभर पसरली. सोबतच्या प्रेमपत्राच्या नावाशेवटी ‘टीएक्सटी’ दिसे, म्हणजे साधा मजकूर. प्रत्यक्षात त्यापुढे ‘व्हीबीएस’ ही अक्षरं होती, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज ती लपवत असे. फाइल उघडली की पत्तेवहीतल्या सगळ्यांना तसंच पत्र जाई आणि संगणकातली छायाचित्रं नष्ट होत. पत्र ओळखीच्या नावाने आलेलं, म्हणून लोक निःशंकपणे उघडत.

१२ मे २०१७ रोजी आलेल्या ‘वॉनाक्राय’ला कुणी काही उघडण्याची गरजच नव्हती. विंडोजमधल्या एका फटीतून तो या संगणकातून त्या संगणकात शिरत गेला आणि ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागू लागला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ती फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती घेतलीच नव्हती.

म्हणजे दार एक तर आपण उघडतो, नाही तर ते उघडं राहू देतो. म्हणून संगणक ‘अपडेट’ मागतो तेव्हा ‘नंतर’ म्हणू नका. विंडोज १० ला नेहमीची मोफत दुरुस्ती देणं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलं, हेही लक्षात असू द्या. फाइलींची शेवटची अक्षरं दिसतील अशी सोय करून घ्या. अँटिव्हायरस चालू ठेवा. फुकट मिळणाऱ्या चोरीच्या सॉफ्टवेअरपासून दूर राहा. अनपेक्षित फाइल आली, तर पाठवणाऱ्याला आधी फोन करा. संशय आलाच, तर प्रथम इंटरनेट तोडा.

एवढं करूनही कधी तरी घात होतोच. एका दुकानदाराची उधारीची सगळी खाती अशीच कुलूपबंद झाली. कपाटातल्या हार्ड डिस्कवर प्रत होती, म्हणून तासाभरात दुकान सुरू झालं. त्याच आठवड्यात एक बाई आल्या. दिवंगत वडिलांचे सगळे फोटो त्या एकाच संगणकात होते. संगणक मी चालू करून दिला. फोटो देऊ शकलो नाही. खंडणी भरूनही किल्ली मिळेलच याची हमी नसते.

तेव्हा मंडळी, जे पुन्हा मिळणार नाही त्याची एक प्रत आजच वेगळ्या डिस्कवर काढा. आणि प्रत काढून झाली की डिस्कची तार संगणकातून काढून ठेवा. जोडलेल्या डिस्कलाही तेच कुलूप लागतं.